आठ जणांची गाडी

शनिवारी सकाळी सात वाजता बुरुल आपा डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधून, लाल मखमली डबी छातीशी धरून अंगणात आली. तिनं गाडीचं सरकतं दार उघडून आत पाहिलं. आत बसायला जागा नव्हती.

गाडी तीच होती. पांढरी, जपानी, आठ जणांची. घरातली लग्नं, मयतं, बाळंतपणं आणि हिवाळ्याचे बटाटे गेली सात वर्षं तिनंच वाहिले होते. पण तीन महिन्यांपूर्वी इंजिनाच्या कामाला म्हणून गेलेली ती गाडी शुक्रवारी परत आली तेव्हा मेदेरनं तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवली होती, आणि आता ताडपत्री काढल्यावर ती हातभर उंच झालेली दिसत होती. चाकं ट्रॅक्टरला शोभावीत अशी. टपावर घडीचा तंबू, शिडी, फावडं आणि चार मोठे दिवे. पुढच्या बंपरवर पोलादी दोराचं रीळ. काचेच्या कडेनं एक काळं नळकांडं थेट आभाळाकडे गेलेलं. आणि आत, जिथे घरची माणसं मांडीला मांडी लावून बसायची, तिथे प्लायवूडचे खण होते. बावीस खण, प्रत्येकावर रंगानं नंबर घातलेला.

"मेदेर," आपा शांतपणे म्हणाली, "सीटा कुठे गेल्या रे?"

मेदेर हा आपाचा थोरला मुलगा. बिश्केकच्या एका शाळेत सोळा वर्षं भूगोल शिकवत होता. डोंगर, खिंडी, हिमनद्या सगळं त्याला पाठ. पण त्यातल्या एकाही डोंगरावर तो स्वतःहून कधी गेला नव्हता. गेल्या शरदात एका परदेशी जोडप्यानं अशीच सजवलेली गाडी शाळेच्या फाटकाशी थांबवून त्याला एका खिंडीचा रस्ता विचारला. मेदेरनं तो सांगितला. दोन तासांनी तेच जोडपं उलट दिशेनं जाताना दिसलं, आणि त्यातल्या बाईनं त्याला बघून हसून हात केला. त्या हातानं मेदेरची झोप उडवली; आपण नुसत्या फळ्यावर काढलेल्या वाटांवरून ही माणसं खरंच हिंडत होती. हिवाळाभर तो असल्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसला आणि वसंतात गाडी गावाबाहेरच्या एका गॅरेजवाल्याच्या हवाली करून मोकळा झाला. हौसेला मोल नसतं म्हणतात. मेदेरच्या हौसेला तोंडही नव्हतं, कारण तीन महिन्यांत घरातल्या एकालाही खरं सांगायची त्याची छाती झाली नाही.

"तात्पुरत्या काढल्यात, आपा. शाळेत ठेवल्यात. भूगोलाच्या खोलीत."

"आणि ही पेटी?"

"फ्रीज आहे."

"तिथे तुझे वडील बसायचे," आपा म्हणाली.

वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि खिडकीजवळच्या त्या सीटवर त्यानंतर कोणी मुद्दाम बसत नसे. गॅरेजवाल्यानं "ही पण काढू ना?" असं विचारलं तेव्हा मेदेर मोबाईलवर फ्रीजचं माप बघत होता आणि त्याच तंद्रीत तो हो म्हणून गेला होता. ते आठवून त्याचे कान लाल झाले.

त्याची बायको जिपार बोरसोकचं, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचं, टोपलं घेऊन बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि खणांसमोर उभी राहिली.

"इंजिनाचं काम होतं ना?" ती म्हणाली. "मग इंजिन कितव्या खणात आहे?"

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण आजचा दिवस हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज मेदेरच्या धाकट्या भावाचं, एर्मेकचं, लग्न पक्कं व्हायचं होतं. मुलीकडची माणसं उन्हाळ्यात वर कुरणावर असतात; तिथे जाऊन मुलाच्या आईनं मुलीच्या कानात कानातली घालायची, की मुलगी आपली झाली. नवऱ्या मुलानं त्या दिवशी जायचं नसतं, पण त्याच्याकडची थोरली माणसं चांगली दणदणीत संख्येनं जावी लागतात. आणि वडील नसल्यामुळे त्यांच्या जागी बसून आशीर्वादाचे शब्द बोलायचे होते ते मेदेरला. मुलीची आजी उमसुनाय ही बाई साधी नव्हती. गेल्या वर्षी आलेल्या एका स्थळाला तिनं चहा पाजून वाटेला लावलं होतं, कारण मुलाचा मामा घोड्यावरून उतरताना अडखळला.

जायचे होते सहा जण: आपा, मेदेर, जिपार, जुमाकादिर काका आणि दोघी मावश्या. जागा उरल्या होत्या तीन. एर्मेकनं दुसरी गाडी मिळते का म्हणून आठ-दहा फोन केले, पण जुलैतल्या शनिवारी अर्धं बिश्केक लग्नात असतं आणि उरलेलं तळ्यावर. मावश्यांनी आदल्या दिवशी शिवून आणलेली मखमली जाकिटं अंगणातच काढून हातावर घेतली आणि एक शब्दही न बोलता दोघी घराकडे चालू लागल्या. त्या भांडल्या असत्या तर मेदेरला बरं वाटलं असतं. एर्मेकही भांडला नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, नीट पार पाड रे."

निघेपर्यंत आठ वाजले. आपा पुढे, काका मागच्या एकुलत्या एका सीटवर आणि जिपार फ्रीजच्या झाकणावर.

जुमाकादिर काका म्हणजे मेदेरच्या वडिलांचा थोरला भाऊ. चौतीस वर्षं त्यानं रशियन ट्रकमधून मेंढरं खिंडीपार नेली होती, तीही बर्फातून. तो मोजकंच बोलायचा. शहराबाहेर पडेपर्यंत त्यानं फक्त त्या काळ्या नळकांड्याकडे बघितलं, मग विचारलं, "हे कशाला?"

"गाडी पाण्यात बुडाली ना काका, तरी त्यातून इंजिनाला हवा मिळते."

काकानं बराच वेळ विचार केला. "आणि आपल्याला?" त्यानं विचारलं.

डांबरी रस्ता संपला तेव्हा गाडी दणके खाऊ लागली. आपाच्या मांडीवरची कानातल्यांची डबी दोनदा खाली पडली. मेदेरला वाटलं, आता तरी आपल्या गाडीचा गुण दाखवावा. त्यानं गाडी थांबवली. सात नंबरचा खण कुलपाचा होता, आतून मऊ कापड लावलेला, मौल्यवान वस्तूंसाठीच केलेला. आपानं डबीकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं. मग "जरा थांब," म्हणून ती गाडीच्या आडोशाला जाऊन आली आणि तिनं डबी त्याच्या हाती दिली. मेदेरनं ती खणात ठेवून कुलूप लावलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला थोडं हलकं वाटलं.

मुलीचे वडील कोयचुमान यांनी आदल्या दिवशी फोनवर वाट नीट समजावून दिली होती. पांढऱ्या धोंड्यापाशी उजवीकडे वळायचं आणि डोंगराच्या कडेकडेनं यायचं. सोपी वाट आहे, दूध न्यायला येणारी छोटी मोटारसुद्धा रोज येते, असं ते म्हणाले होते. आणि हेच मेदेरच्या मनाला लागलं होतं. दूधवाल्याच्या चिटुकल्या मोटारीच्या वाटेनंच जायचं, तर ही चाकं कशाला, हे रीळ कशाला आणि घरात सकाळपासून एवढी शोभा झाली ती कशाला?

पांढरा धोंडा आला. पलीकडे पसरलेलं कुरण दिसलं, त्यात तीन युर्त, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, धूर आणि युर्तसमोर रांगेत उभी असलेली माणसं. मधे एक ओढा आणि ओढ्यापलीकडे हिरवंगार, मऊ, मखमलीसारखं गवत. सरळ गेलं तर पाच मिनिटांची वाट.

"उजवीकडे," आपा म्हणाली.

"सरळ जाऊ," मेदेर म्हणाला. "तेवढ्यासाठीच तर गाडी केलीय."

"गवत लई हिरवं दिसतंय," मागून काका म्हणाला.

आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की कुरणावर इतरांपेक्षा हिरवा तुकडा दिसला की त्याच्याखाली पाणी असतं आणि तिथे मेंढीसुद्धा पाय टाकत नाही. मेदेर तर सातवीला पाणथळ जमिनींचा धडा शिकवायचा. पण गाडीनं ओढा सहज पार केला आणि त्या आनंदात धडा डोक्यातून निघून गेला. व्याह्यांनी हे बघितलं असेल, असंही त्याच्या मनात आलं.

व्याह्यांनी बघितलं होतं. त्यानंतरचंही त्यांनी सगळं बघितलं. गाडी हिरवळीत वीसेक हात गेली, थबकली, चाकं फिरली, चिखलाचे दोन फवारे उडाले आणि मग गाडी एका अंगावर कलत कलत बंपरपर्यंत खाली बसली. युर्तसमोरची माणसं दोनशे पावलांवर नव्या कपड्यांत उभी होती. कोयचुमान यांच्या हातात पाहुण्यांना द्यायचा किमीझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा होता. तो तसाच पुढे धरलेला राहिला.

मग फ्रीजवरून घसरून काकाच्या मांडीवर गेलेली जिपार म्हणाली, "उतरायचं, का अजून पुढे जाते ही?"

कोयचुमान घोड्यावर बसून आले, बरोबर दोन मोकळे घोडे घेऊन. कोरड्या जमिनीच्या कडेला थांबून त्यांनी छातीवर हात ठेवला. प्रवास सुखाचा झाला ना, घरची माणसं, जनावरं बरी आहेत ना, हवा कशी काय होती, हे सगळं रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं. गाडीचा त्यांनी उल्लेखसुद्धा केला नाही. जणू आमच्याकडे पाहुणे नेहमी तिरपे होऊनच येतात. हा मोठेपणा मेदेरला चाबकापेक्षा जास्त लागला. ते हसले असते, निदान "अरेरे" म्हणाले असते, तर त्यालाही दोन शब्द बोलता आले असते.

आपाला आणि काकाला घोड्यांवर बसवून नेलं. "मी येतोच," मेदेर म्हणाला. कारण व्याह्यांसमोर त्याला जे सांगता आलं नाही ते असं होतं की, सात नंबरचा खण उघडत नव्हता.

गाडी कलल्यामुळे आतला सगळा लाकडी सांगाडा पिळवटला होता. चावी फिरत होती, पण खण जागचा हलेना. मेदेरनं ओढलं, जिपारनं ओढलं, मेदेरनं पाय लावून ओढलं. पंधरा नंबरचा खण आपोआप उघडला आणि त्यातून सहा प्लास्टिकचे काटे-चमचे बाहेर पडले. सात नंबर ढिम्म.

"फोडू या," जिपार म्हणाली.

"पूर्ण अठरा मिलिमीटरचं प्लाय आहे," मेदेर म्हणाला, आणि यात जराशी फुशारकी आली म्हणून त्याचीच त्याला लाज वाटली.

तिकडे कढईखालचा धूर दाट झाला होता. मटण शिजून पानात यायच्या आधी कानातली मुलीच्या कानात असायला हवीत. रिकाम्या हातानं आत जाऊन "कानातली खणात अडकली" असं उमसुनाय आजीला कसं सांगायचं? तिनं तर नुसत्या अडखळण्यावरून स्थळ मोडलं होतं. मेदेरच्या डोळ्यांसमोर एर्मेक आला, "नीट पार पाड रे" म्हणणारा. गाडी सरळ झाली की खण उघडेल आणि गाडी सरळ करायला पुढच्या बंपरवर ते रीळ, म्हणजे विंच, आहे, तीस मीटर दोराचं, चार टन ओढणारं. दोराचा आकडा एखाद्या झाडाला अडकवायचा आणि बटण दाबायचं. व्हिडिओत सगळे तसंच करायचे.

आकडा हातात धरून मेदेरनं झाड शोधायला मान वर केली.

झाड नव्हतं. डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जाईल तिथवर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, काठीसुद्धा नव्हती. समुद्रसपाटीपासून तीन हजार शंभर मीटर. या उंचीवर झाडं उगवत नाहीत. दर सप्टेंबरात हे वाक्य मेदेर स्वतः फळ्यावर लिहायचा, आणि ज्या मुलांना ते सांगता यायचं नाही त्यांना नापास करायचा.

"मोठा धोंडा?" जिपारनं विचारलं. धोंडे होते, पण सगळे मागे, ओढ्याच्या पलीकडे. समोर होती ती फक्त दावण.

दावण म्हणजे घोड्याच्या केसांचा जाड दोर, दोन टोकांना दोन खुंट ठोकून जमिनीलगत ताणलेला. दिवसभर शिंगरं तिला बांधून ठेवायची, म्हणजे घोड्या त्यांना सोडून लांब जात नाहीत आणि दर दोन तासांनी दूध काढता येतं. कुरणावरचा अख्खा उन्हाळा त्या एका दोरावर उभा असतो, म्हणून आमच्यात दावण कोणी ओलांडतसुद्धा नाही. या दावणीला अकरा शिंगरं होती. अलीकडचा खुंट म्हणजे जुन्या ट्रकचा आस होता, कोयचुमान यांच्या वडिलांनी घण घालून ठोकलेला. गाडीपासून अठ्ठावीस मीटर.

"मेदेर, ते नको," जिपार म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता.

"दोराला हात नाही लावत. नुसत्या खुंटाला. फक्त एक हात वर आली गाडी की झालं."

त्यानं आकडा खुंटाला अडकवला, गाडीशी आला आणि बटण दाबलं. रीळ गुरगुरलं. दोर ताठ झाला, आणि काहीतरी हळूहळू सरकू लागलं. मेदेरचा चेहरा उजळला. मग त्याच्या लक्षात आलं की सरकत होती ती गाडी नव्हे.

खुंट जमिनीतून गाजरासारखा अलगद वर आला आणि चिखलातून गाडीच्या दिशेनं निघाला. पाठोपाठ दावण त्यावरून निसटून सैल पडली. शिंगरांनी दोन हिसके दिले, गळ्यातले फास सुटले आणि अकराच्या अकरा शिंगरं शेपट्या वर करून उधळली. त्यांच्या मागे घोड्या. घोड्यांच्या मागे, आपल्याला न विचारता हे काय चाललंय म्हणून, त्यांचा मोठा काळा घोडा. तीन मिनिटांत सगळा कळप पलीकडच्या टेकडीमागे नाहीसा झाला.

नेमकी त्याच वेळी उमसुनाय आजी दुधाची चामडी बादली घेऊन दूध काढायला आली. दावणीच्या जागी येऊन ती उभी राहिली. तिनं रिकाम्या गवताकडे पाहिलं, चिखलात लोळणाऱ्या दोराकडे पाहिलं आणि मग दोराच्या मागोमाग तिची नजर मेदेरपर्यंत आली. बटण अजून त्याच्या हातात होतं.

"माझ्या आज्याच्या वेळी," आजी म्हणाली, "घोडे पळवायला शत्रू यायचे. पण ते आधी कानातली घालायला येतो म्हणून सांगत नसत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. मेदेरच्या पायाखालची धरणी तर तयारच होती, घोट्यापर्यंत तिनं त्याला घेतलंही होतं. घोड्यांच्या टापा ऐकून युर्तमधली माणसं बाहेर आली होती. आता संपलं, असं त्याला वाटलं. घरी जाऊन धाकट्या भावाला काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि तेवढ्यात मधल्या युर्तचं दार झटक्यात बाजूला झालं. आत पडद्याआड, नव्या रुमालाखाली, मान खाली घालून बसलेली नवरी मुलगी आयझिरेक बाहेर आली. तिनं टेकडीकडे पाहिलं, रुमाल काढून कमरेला बांधला, वडिलांच्या घोड्यावर खोगीर नसतानाच उडी टाकली आणि कळपामागे सुसाट निघाली. जाता जाता काळ्या घोड्याला तिनं जी शिवी हासडली ती सासूच्या कानापर्यंत व्यवस्थित पोचली.

कोयचुमान यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. होणाऱ्या सासूसमोर मुलगी उघड्या डोक्यानं, ओरडत, घोडा फेकत गेली, म्हणजे आता त्यांच्याकडे काय उरलं? आजीनंही बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मघापर्यंत लाज एकाच बाजूला होती, ती आता दोन्ही घरांत सारखी वाटली गेली. कोणी कोणाकडे बघेना.

आपा हळूहळू चालत मेदेरपाशी आली.

"आत का आला नाहीस?" तिनं विचारलं. "वडिलांची जागा रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी. सगळे खोळंबलेत."

"कानातली काढत होतो," मेदेर म्हणाला. त्याचा आवाज सातवीतल्या नापास पोरासारखा झाला होता. "सात नंबरचा खण अडकलाय, आपा. तुला सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली."

आपानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक पुढे घेतलं, त्याची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. त्यावर चांदीची दोन कानातली होती, पोवळं जडवलेली.

"डबीत काही नव्हतं रे," ती म्हणाली. "ज्या गाडीत माणसाला जागा नाही, तिच्यात मी हे ठेवीन होय?"

मेदेर चिखलात उभा होता तिथेच खाली बसला. आपा रागावलेली नव्हती, हे त्याला दिसत होतं. तिनं सकाळीच सगळं ओळखलं होतं आणि त्याचं मन मोडू नये म्हणून रिकामी डबी त्याच्या हातात ठेवली होती. खरं तर याची त्याला घोड्यांपेक्षा जास्त लाज वाटली, आणि डोळे पुसायला हात वर नेला तर तोही चिखलानं भरलेला होता.

तासाभरानं आयझिरेक कळप हाकत परत आली. चेहरा लाल, केस सुटलेले, अंगभर धूळ. घोड्यावरून उतरल्यावर तिला आपण काय केलं ते आठवलं आणि तिनं मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली. आपानं ती मान वर केली आणि तिथेच, उघड्यावर, अकरा शिंगरांसमोर तिच्या कानात कानातली घातली. "आमच्या घरात एक तरी सरळ चालणारं माणूस हवंच होतं," ती म्हणाली.

उमसुनाय आजी हे बघत होती. तिनं मेदेरकडे पाहिलं, मग नातीकडे.

"त्यांचा पोरगा घोडे पळवतो, आपली पोरगी परत आणते," ती कोयचुमान यांना म्हणाली. "जमेल म्हणायचं."

आत गेल्यावर मेदेरला वडिलांच्या जागी बसवलं, पायजम्यावरच्या चिखलासकट. पाठ केलेले आशीर्वादाचे लांबलचक शब्द त्याला एकही आठवेना. त्यानं दोन्ही तळवे पुढे केले आणि म्हणाला, "आमच्यासारखी माणसं तुमच्या पदरात पडलीत. सांभाळून घ्या." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, म्हणजे रीतीप्रमाणे आशीर्वाद पुरा झाला. एवढा छोटा आणि एवढा खरा आशीर्वाद बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, असं कोयचुमान नंतर म्हणाले.

पण शिंगरं बांधायची राहिली होती. घोड्यांच्या कासा तटतटल्या होत्या आणि ट्रकचा आस आकड्यातून निसटून दलदलीत कुठे गडप झाला ते कोणालाच सापडेना. आजीनं इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं दावणीचं मोकळं टोक उचललं, विंचच्या आकड्याला पक्कं बांधलं आणि मेदेरला म्हणाली, "आता दाब ते बटण. जरासंच." रीळ गुरगुरलं आणि दावण तारेसारखी ताठ झाली. गाडी तसूभरही हलली नाही. इतकी पक्की दावण आपण जन्मात बघितली नाही, असं आजी म्हणाली, आणि कौतुकानं तिनं बंपरवर थोपटलं.

"गाडी काढायला हवी ना पण," मेदेर म्हणाला.

"सोपं होतं," जुमाकादिर काका हाड चोखत म्हणाला. "झाड नसलं की मागचं जादा चाक खड्ड्यात पुरायचं आणि आकडा त्याला लावायचा. आम्ही खिंडीत तसंच करायचो. फावडं आहे की तुझ्या टपावर."

"काका, मग मघाशी का नाही सांगितलं?"

"मला कोणी विचारलं?" काका म्हणाला.

फावडं काढायला मेदेर धावला, पण आजीनं हात आडवा धरला. बांधलेली दावण हंगाम संपल्याशिवाय सोडत नाहीत. सोडली तर दूध आटतं. आता गाडी सुटेल ती शरदात, कळप खाली उतरताना. आणि सकाळपासून या घराचं एवढं नुकसान केल्यावर तिला नाही म्हणायला मेदेरला तोंड कुठे होतं?

परतीला सगळे दूधवाल्याच्या चिटुकल्या मोटारीतून आले, डोंगराच्या कडेकडेनं, कुठेही न अडकता. मेदेर मागे दुधाच्या दोन कॅनच्या मधे बसला होता.

सोमवारी त्यानं भूगोलाच्या खोलीतल्या सीट घरी आणून अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली ओळीनं मांडल्या. संध्याकाळी दोघी मावश्या आल्या, मखमली जाकिटं घालून. कानातली घातली गेली, मुलगी गुणाची आहे, हे सगळं ऐकून त्या थोड्या निवळल्या. मग थोरलीनं अंगणभर नजर फिरवली.

"गाडी कुठाय?"

"व्याह्यांकडे ठेवली," आपा म्हणाली.

"अख्खी गाडी? कोणी घोडा देतं, कोणी गाय देतं. गाडी कशाला?"

"शिंगरं बांधायला," आपा म्हणाली आणि खिडकीजवळची म्हणून ओळखू येणारी ती सीट हातानं झाडून तिच्यावर बसली. तिच्या शेजारी मावश्या बसल्या, त्यांच्यापुढे काका आणि जिपार. मेदेर चहाची किटली घेऊन बाहेर आला, सगळ्यांचे वाडगे भरले आणि उभा राहिला. पाचही सीट भरल्या होत्या. त्याला बसायला जागा नव्हती.